रन-फ्लॅट काढले तरी फुगा आलाच: जळगावच्या रस्त्यांवर १९ इंची टायरचं दुखणं कसं गेलं

दोन वर्षांत तीन टायर गेले. एकही गोटा होऊन गेला नाही. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक असताना प्रत्येकाच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आणि टायर बाद झाला. पहिले दोन रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे होते, तिसरा साधा. सगळा दोष रन-फ्लॅटचा आहे, ते काढले की प्रश्न मिटला, अशी तोवर माझी पक्की समजूत होती. तिसऱ्या फुग्याने ती मोडली.

गाडी तीन लीटरची, सहा सिलिंडर, टर्बो, चारही चाकांना ताकद जाणारी जर्मन सेडान आहे. टायर पुढे २२५/४० आर १९, मागे २५५/३५ आर १९. राहायला जळगाव, आठवड्यातून दोनदा कामासाठी धुळे, महिन्यातून एकदा नाशिक आणि सासर अमळनेरला. म्हणजे चौपदरी महामार्ग आहे, तसेच काळ्या मातीवरचे रस्तेही आहेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. दिवाळीपर्यंत रस्त्याला लाटा येतात आणि कडा तुटून पडतात. ज्यांची गाडी अशीच आहे आणि रस्ते हेच आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं

रन-फ्लॅटवाले आम्ही सगळे एका दमात तीन गोष्टी सांगतो: गाडी धडधडते, स्टिअरिंग ओढतं आणि टायरला फुगे येतात. मग सगळ्याला औषध एकच, रन-फ्लॅट काढा. माझी पहिली चूक हीच. तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात आणि साध्या टायरने त्यातली एकच पूर्ण सुटते, दुसरी निम्मी.

धडधड सरळ आहे. रन-फ्लॅटची बाजू जाड, आतून कडक रबर भरलेली असते. हवा पूर्ण गेली तरी तेवढ्या बाजूवर गाडीचं वजन तोललं जावं, ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जाता यावं, यासाठी ती रचना. जी बाजू हवेशिवाय गाडी पेलते, ती हवा असताना डांबरातला प्रत्येक सांधा वर पाठवणारच. शिवाय टायर साधारण किलो-दोन किलोने जड, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणून जास्त जाणवणारं. साधे टायर बसवल्यावर ही तक्रार पहिल्याच दिवशी गेली. पाळधीच्या पुढे जिथे आम्ही सगळे आपोआप जिभेला दातांतून बाजूला घ्यायचो, तिथे घरच्यांनी गप्पा चालू ठेवल्या.

ओढणं म्हणजे चाकोरी पकडणं. केळीचे आणि कापसाचे भरलेले ट्रक ज्या लेनने जातात तिथे दोन उथळ चाकोऱ्या पडतात. रुंद, कडक टायरची कड त्या चाकोरीच्या भिंतीला टेकली की स्टिअरिंग हातातून हलतं. साध्या टायरने हे निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही, कारण रुंदी तीच होती.

आणि फुगा? तो पाच महिन्यांनी परत आला. साध्या, नव्याकोऱ्या, चांगल्या कंपनीच्या टायरला.

फुगा येतो कसा

खड्ड्याची पलीकडची कड टायरवर आदळते. टायरची बाजू रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते. बाजूच्या आत धाग्यांचा थर असतो, टायरला आकार तोच देतो. चिमट्यात ते धागे तुटतात, रबर मात्र तुटत नाही. मग आतली हवा त्या बिनधाग्याच्या जागेतून रबराला बाहेर ढकलते. म्हणून फुग्याला दुरुस्ती नाही. कुणी ‘आतून पॅच मारून देतो’ म्हणालं तर हात जोडा आणि निघा. पॅच हवा अडवेल, तुटलेले धागे जोडणार नाही. फुगा आलेल्या टायरवर महामार्गाला लागणं म्हणजे तो कधी फुटेल याची वाट पाहणं.

आता चिमटा बसायला किती वाव आहे ते मोजा. २२५/४० म्हणजे रुंदी २२५ मिलीमीटर आणि बाजूची उंची तिच्या ४० टक्के, अर्थात ९० मिलीमीटर. मागे २५५ चे ३५ टक्के, सव्वा एकोणनव्वद. रन-फ्लॅट असो की साधा, दोघांची उंची तीच. रन-फ्लॅटची कडक बाजू लवकर चिमटत नाही, पण तो धक्का रिमवर जातो आणि रिम वाकते किंवा तिला तडा जातो. साधी बाजू दबते, रिम वाचते, पण दबायला जागाच ९० मिलीमीटर असेल तर शेवटी चिमटा बसतोच. मी टायरचा प्रकार बदलला होता, उंची तशीच ठेवली होती.

हे मला कुठल्या चकचकीत दुकानात कळलं नाही. तिसरा टायर उतरवला पारोळ्याच्या रस्त्याकडेच्या एका टायरवाल्याने. त्याने टायर उलटा करून आत हात फिरवला, खांद्याजवळची काळी रेघ दाखवली, आतली रबराची बारीक भुकटी बोटावर घेतली आणि म्हणाला, “भाऊ, टायरना काही दोष नही शे. हवा कमी व्हती.” मी लगेच नाकारलं. हवा मी दर पंधरा दिवसांनी न चुकता तपासत होतो. त्याने पुढचं विचारलं: कधी तपासता, कुठे तपासता? तिथे माझी दुसरी चूक सापडली.

गरम टायरची हवा सोडणं

मी हवा तपासायचो धुळ्याला पोहोचल्यावर, पेट्रोल भरता भरता. म्हणजे ९५ एक किलोमीटर धावलेला टायर, दुपारची वेळ, आणि एप्रिल-मे असेल तर ४२–४३ अंश ऊन. हवा तापली की दाब वाढतो. आपल्या गाड्यांच्या दाबाच्या टप्प्यात दर १० अंशांना साधारण पावणेदोन पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं माप). बाहेरचं ऊन वेगळं आणि टायर धावून तापतो ते वेगळं. सकाळी सहाला ३४ भरलेला टायर दुपारी ४० दाखवतो आणि त्यात काहीच बिघडलेलं नसतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो, गरम झाल्यावरची वाढ कंपनीने आधीच गृहीत धरलेली असते.

पंपावरचा मुलगा ४० पाहायचा, ‘साहेब, हवा जास्त आहे’ म्हणायचा आणि ३४ वर आणून ठेवायचा. मी मान डोलवायचो. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर २८–२९ वर. त्या टायरने मी अमळनेरच्या रस्त्याला लागायचो. ९० मिलीमीटरची बाजू आणि वर पाच-सहा पीएसआय हवा कमी, मग फुगा यायला वेगळं कारण कशाला हवं?

गाडीने दिवा का लावला नाही, हा प्रश्न रास्त आहे. टायरमधल्या सेन्सरचा इशारा दाब बराच खाली गेल्यावर येतो. शिवाय प्रत्येक वेळी हवा भरली की मी इमानदारीने मेन्यूत जाऊन रीसेट करायचो. माझ्या गाडीत रीसेट म्हणजे ‘आत्ताचा दाब बरोबर आहे असं धर’ अशी सूचना. गरम टायर ३४ वर असताना मी ती सूचना देत होतो, आणि गाडी तेच प्रमाण मानत होती. ज्या गाड्यांत चाकात सेन्सर नसून ब्रेकच्या एबीएस यंत्रणेने मोजलेल्या चाकगतीवरून अंदाज घेतला जातो, तिथे चुकीच्या रीसेटने आणखी घोळ होतो.

यावरचा उपाय टायर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे: स्वतःचा दाबमापक, बारा व्होल्टचा छोटा पंप आणि पहाटेची वेळ. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, तीन किलोमीटरपेक्षा जास्त धावलेली नको. रीसेटही तेव्हाच करा. आपल्याकडे हे ऋतूप्रमाणे करावं लागतं. डिसेंबरात जळगावची पहाट १० अंशांपर्यंत उतरते, मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. मेमध्ये भरून विसरलेला टायर डिसेंबरात अलगद चार-पाच पीएसआय खाली गेलेला असतो, पंक्चर नसताना. नायट्रोजन भरून हे टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोघांचा दाब जवळपास सारखाच वाढतो. कोरडा नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर मापक घरी ठेवू नका.

१८ इंची रिमवर उतरणं

दाब सुधारला तरी ९० मिलीमीटर आपल्या रस्त्यांना कमीच. मी ठरवलं की रिम एक इंच लहान घ्यायची आणि टायरची बाजू उंच. आकडे असे: पुढे २२५/४५ आर १८, बाजू सव्वा एकशे एक मिलीमीटर. मागे २५५/४० आर १८, बाजू १०२. म्हणजे पुढे सव्वा अकरा आणि मागे पावणेतेरा मिलीमीटर जास्त. ऐकायला हे बोटभरही नाही, पण चिमटा बसण्याआधीची मोकळी जागा तेवढ्याने वाढते, आणि खड्ड्यात सगळा फरक तिथेच पडतो.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक हिशेब चुकवून चालत नाही: पुढच्या आणि मागच्या टायरचा पूर्ण व्यास. जुन्या जोडीत पुढे ६६२.६ आणि मागे ६६१.१ मिलीमीटर, फरक दीड. नव्या जोडीत पुढे ६५९.७ आणि मागे ६६१.२, फरक पुन्हा दीडच. हा फरक वाढला तर पुढची-मागची चाकं कायम वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि पुढे-मागे ताकद वाटणारा मधला ट्रान्स्फर केस विनाकारण झिजतो. याच कारणाने एकच टायर गेला म्हणून एकच नवा घालणं इथे महागात पडतं. ८ मिलीमीटर नक्षीचा नवा आणि ५ वर आलेला जुना यांच्या व्यासात ६ मिलीमीटरचा फरक असतो, वरच्या दीडच्या चौपट. बाकीचे फार झिजले असतील तर चारही, नाहीतर निदान पुढची किंवा मागची पूर्ण जोडी एकदम बदला, आणि पुढे-मागे कंपनी व नक्षी एकच ठेवा. एका बाजूला रन-फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला साधा, असं तर कधीच नको. दोघांच्या बाजू वेगवेगळ्या वाकतात आणि वळणावर, जोराच्या ब्रेकला, गाडी तिरकी वागते.

तुमच्या गाडीत १८ इंची रिम बसते का, हे दुकानदाराला विचारण्याआधी खांबावरचं स्टिकर आणि मालकाचं पुस्तक बघा. कंपनीने तो आकार तुमच्याच मॉडेलला दिलेला असेल तर विमा आणि पासिंगचे प्रश्नही उरत नाहीत. मोठे ब्रेक असलेल्या गाड्यांत कॅलिपर रिमला घासू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी एक रिम बसवून, चाक हाताने फिरवून बघा. रिमचा ऑफसेट (ती किती आत-बाहेर बसते ते) गाडीला साजेसा हवा आणि मधलं भोक हबशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाशी, तंतोतंत जुळलं पाहिजे. रन-फ्लॅटसाठी बनवलेल्या रिमवर ‘ईएच२’ अशी खूण असते, आतला उंचवटा थोडा मोठा. त्यावर साधा टायर बसतो, घाबरू नका, बसवायला थोडा जोर लागतो एवढंच.

टायर घेताना भारांक आणि वेगांक जुन्यापेक्षा खाली नको. माझे आधीचे ९३वाय आणि ९६वाय होते, म्हणजे एका चाकावर ६५० आणि ७१० किलो. नवे ९५वाय आणि ९९वाय, ६९० आणि ७७५ किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची क्षमता. तेवढ्या वेगाने इथे कुणी जाणार नाही आणि जाऊही नये, पण वेगांक उष्णता सोसण्याशी बांधलेला आहे, आणि आपल्या मे महिन्यात मला त्यात काटकसर करायची नव्हती. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आपल्याकडे हे आकार फार खपत नाहीत, त्यामुळे गोदामात पडलेला जुना माल हातात येऊ शकतो. मी एक जोडी याच कारणाने परत पाठवली.

आणि रन-फ्लॅट चुकून पुन्हा येऊ नये म्हणून खुणा ओळखा, प्रत्येक कंपनीची वेगळी. ब्रिजस्टोन आरएफटी लिहिते, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ. ऑनलाइन यादीत आकार सारखाच दिसतो, ही अक्षरं वाचायची राहून जातात.

काही जण म्हणतात, रन-फ्लॅट काढले की गाडीची धार जाते. बीएमडब्ल्यूच्या एम३, एम५सारख्या वेगवान गाड्या कारखान्यातूनच साध्या टायरवर येतात, तेव्हा धारेसाठी रन-फ्लॅट लागतो असं नाही. उलट बाजूलाही तितकंच सांगायला हवं: निस्सानची जीटी-आर रन-फ्लॅटवर आली, कॉर्व्हेटला १९९७पासून तेच मिळाले, आणि ब्रिजस्टोनने पहिला रन-फ्लॅट १९८७ साली पोर्शे ९५९साठीच केला. टायर वाईट नाही. तो गुळगुळीत रस्त्यासाठी आणि जवळ दुकान असलेल्या मुलखासाठी आहे.

बदलल्यानंतर परत परत येणाऱ्या कुरबुरी

सेन्सरचा दिवा. रन-फ्लॅट उतरवताना त्याची कडक कड सोडवायला मदतीचा हात असलेलं मशीन लागतं. साध्या मशीनवर जबरदस्तीने काढताना व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर तुटतो. मशीनवाल्याला सेन्सर कुठे आहे ते आधी सांगा आणि कड त्याच्यापासून लांब सुरू करायला लावा. दिवा पहिल्या दिवशी आला आणि पहाटे थंड टायरवर रीसेट करून १५–२० मिनिटं चालवल्यावर गेला, तर ठीक. रोज येत असेल तर व्हॉल्व्हची रबरी सील बदला, टायर काढला की ती नवीच घालायची असते. सेन्सरची बॅटरीही पाच ते दहा वर्षांत संपते. जुन्या गाडीत चारही एकदम बदललेले बरे.

एका बाजूला ओढणं. अलाइनमेंट करूनही सपाट रस्त्यावर गाडी डावीकडे जाते? पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरमध्ये, दुकानदाराकडून बदलून घ्या. ओढ तशीच राहिली तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बघा. एकाच दिशेने फिरणारी नक्षी असेल तर ही अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे टायर निवडतानाच हे लक्षात घ्या.

८० ते ११० दरम्यान थरथर. स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, बैठकीत असेल तर मागची. आधी बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या आणि मशीनवर फिरताना रिम डोलते का ते स्वतः उभं राहून बघा. माझी एक जुनी १९ इंची रिम अशीच वाकलेली निघाली. तिच्यावर वजनं चिकटवत राहण्यात माझे दोन महिने गेले होते. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने ठोकून आवळू देऊ नका. जर्मन गाड्यांना साधारण १२० ते १४० न्यूटन-मीटर एवढा आवळण्याचा जोर लागतो, नेमका आकडा पुस्तकात आहे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

वळताना गाडी मऊ वाटणं. हे पहिले काही दिवस राहतंच, बाजू आता वाकते आहे. चाळीसगावचा घाट चढताना पहिल्या वेळी मला तो क्षणभराचा उशीर स्पष्ट जाणवला. थंड दाब स्टिकरच्या आकड्यापेक्षा २ पीएसआय वर ठेवल्यावर गाडी नीट बांधल्यासारखी झाली. त्याहून वर गेलो नाही, मग मधली नक्षी लवकर झिजते.

पंक्चरची सोय

रन-फ्लॅट काढले म्हणजे ते ८० किलोमीटरही गेले. खरं तर आपल्या भागात ते अपुरेच होते. जळगावहून धुळं त्यापेक्षा लांब, नंदुरबारहून धुळंही लांब, नाशिक तर कितीतरी. मध्ये कुठे १९ इंची रन-फ्लॅट मिळत नाही. हवा गेलेल्या रन-फ्लॅटवर चाललात की आतली बाजू करपते आणि बहुतेक कंपन्या तो दुरुस्त करू नका असंच सांगतात. म्हणजे काट्याच्या पंक्चरलाही नवा टायर.

साध्या टायरला तसं नाही. आपल्याकडे खिळ्यापेक्षा बाभळीचा काटा जास्त, आणि तो नक्षीतच घुसतो. डिकीत मी दोरीचं पंक्चर किट, पक्कड, पंप आणि हातमोजे ठेवतो. दोरी गावापर्यंत पोहोचायला. गावात टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात दांडा आणि आतून चकती बसते असा) लावून घेतो. नक्षीच्या मधल्या भागातलं सहा मिलीमीटरपर्यंतचं भोक असं दुरुस्त होतं, खांद्यावरचं आणि बाजूचं नाही. सीलंटची बाटली ठेवत असाल तर तिच्यावरची मुदत बघा आणि ती वापरली तर टायरवाल्याला आधी सांगा, सेन्सर धुवावा लागतो.

२०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाबाचा इशारा आणि दुरुस्तीचं किट असेल तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. म्हणून सेन्सर काढून टाकू नका, काही दुकानदार तसं सुचवतात. बाजू कापली गेली तर किट निरुपयोगी, म्हणून लांबच्या प्रवासाला मी बारीक स्टेपनी पट्ट्याने बांधून नेतो. तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही, आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पहिल्या टायरवाल्यापर्यंतच जायचं. विम्याचंही ध्यानात असू द्या: नुसता टायर गेला तर साधी पॉलिसी पैसे देत नाही, गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेही टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत. टायरचं वेगळं कवच मिळतं, ते मी १९ इंचीवर असतानाच घ्यायला हवं होतं.

१८ इंचीवर आता चौदा महिने झाले, त्यात एक पूर्ण पावसाळा. दोन पंक्चर, दोन्ही मागच्या डाव्या चाकात, दोन्ही काट्याची, दोन्ही पारोळ्यालाच काढली. फुगा नाही. नक्षी दोन्ही कडांना आणि मध्ये सारखी झिजते आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे खोलीमापकाने तीन ठिकाणी बघतो. खांद्यांजवळ जास्त झीज दिसायला लागली तर हवा पुन्हा कुठेतरी कमी पडते आहे, असं समजून शोध तिथूनच सुरू करेन.